डोंगरावरचे शिक्षण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मला इथे उभे केले आहे ते कार्यकारिणीने. मी आपण होऊन उभी राहिलेली नाही. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईने कॉलेजच्या शिक्षणावर बोलावे, याचे कुणाला हसू आले असेल तर खुशाल येऊ द्यावे. पण मी ज्या शिक्षणाविषयी बोलणार आहे ते जरा निराळे आहे. त्यातले निम्मे तरी घर चालवताना आपल्यापैकी प्रत्येकीच्या हातून रोज होत असते. म्हणूनच मी बोलायचा धीर केला.

माझ्या धाकट्या दिरांची मुलगी अमेरिकेत कोलोराडो राज्यात वाढली. बारावीनंतर तिने ना इंजिनियरिंग घेतले, ना डॉक्टरी. दोन वर्षे कॉलेजात जाऊन ती शिकली ते असे, की लोकांना डोंगरात कसे न्यावे, सुखरूप परत कसे आणावे, आणि बर्फावरून घसरत जाण्याचा जो खेळ आहे, ज्याला स्की म्हणतात, त्याची ठिकाणे कशी चालवावीत. गेल्या मे महिन्यात ती महिनाभर आमच्याकडे होती. तिकडे बर्फाचा हंगाम बहुतेक ठिकाणी एप्रिलात संपतो आणि उन्हाळ्याचा जूनमध्ये सुरू होतो. मधल्या दिवसांना तिथले लोक 'चिखलाचा हंगाम' म्हणतात, आणि तेव्हा कामाला सुट्टी असते. गच्चीवर पापड-कुरडया घालताना मी तिला विचारत गेले आणि ती सांगत गेली. शेजारच्या बायका यायच्या, ऐकायच्या आणि जाताना म्हणायच्या, "अहो, हे कसले शिक्षण? खेळायला कॉलेज कशाला हवे?" या प्रश्नाचे उत्तर माझ्या परीने द्यावे एवढाच आज माझा विचार आहे.

आधी ते गाव कसे आहे ते सांगते. गावाचे नाव लेडव्हिल. रॉकी नावाच्या पर्वतात सुमारे १०,१५० फुटांवर ते वसले आहे. आपली कळसूबाई ५,४०० फूट, म्हणजे कळसूबाईवर जवळजवळ दुसरी कळसूबाई ठेवावी तेवढ्या उंचीवर ते गाव आहे. तिथे शाळा आहे, दुकाने आहेत, म्हाताऱ्या माणसांची घरे आहेत. नव्याने आलेल्या माणसाला पहिले दोन-तीन दिवस जिना चढतानाही धाप लागते, डोके दुखते. पाणी पीत राहायचे, घाई करायची नाही आणि त्रास वाढला तर सरळ खाली उतरायचे, हा तिथला पहिला धडा.

हे गाव खाणींवर जगलेले. १८७०नंतरच्या दहा वर्षांत तिथे चांदी सापडली आणि माणसे लोटली. १८९३ साली चांदीचा भाव कोसळला आणि गाव बसले. पुढे जवळच पोलाद कणखर करणाऱ्या एका धातूची मोठी खाण चालली. १९८२च्या सुमारास तिथेही कामगारकपात झाली आणि हजारो माणसे घरी बसली. मग गावाने काय करावे? डोंगर तर कुणी उचलून नेला नव्हता. १९८३ साली गावाने डोंगरातून शंभर मैल धावण्याची शर्यत सुरू केली, ती आजही होते आणि देशोदेशीचे लोक तिला येतात. पोटासाठी डोंगर पोखरायचा ते दिवस कमी झाले आणि डोंगर दाखवून, सांभाळून पोट भरायचे दिवस आले. हे कॉलेज मात्र त्याच्याही आधीचे. १९६५ साली आसपासच्या जिल्ह्यांतल्या लोकांनी मते देऊन ते मंजूर केले आणि १९६७ साली वर्ग सुरू झाले. कोलोराडो माउंटन कॉलेज असे त्याचे नाव.

स्कीचा व्यवसाय तिथे रुजला तो मात्र लढाईमुळे. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली लेडव्हिलजवळ कॅम्प हेल नावाची छावणी उभारून बर्फातल्या लढाईसाठी सैनिक तयार केले होते. ते पुढे इटलीच्या डोंगरांत लढले. युद्ध संपल्यावर त्यांतले पुष्कळ जण परत ह्याच डोंगरात आले आणि त्यांनी स्कीची ठिकाणे काढली. पीट सायबर्ट नावाचा त्यांतला एक सैनिक इटलीत जबर जखमी झाला होता. त्याने पुढाकार घेऊन १९६२ साली व्हेल नावाचे मोठे ठिकाण सुरू केले. मारायला जे शिकले होते ते त्यांनी लोकांना आनंद द्यायला वापरले, ही गोष्ट मला फार आवडली.

आता त्या कॉलेजात शिकवतात काय? एक भाग स्कीचे ठिकाण चालवण्याचा. डोंगरावर चढून जायला दोरावर टांगलेल्या खुर्च्या असतात. आपण वणीच्या गडावर ट्रॉलीतून जातो, तसेच हे, पण अधांतरी. ह्या खुर्च्या कशा निघाल्या ते ऐका. १९३६ साली आयडाहो राज्यात सन व्हॅली येथे त्या पहिल्यांदा लागल्या. रेल्वे कंपनीचा जेम्स करन नावाचा इंजिनियर होता. जहाजावर केळीचे घड चढवायला फिरत्या दोरावर आकडे असत, ते त्याला माहीत होते. त्याने आकड्यांच्या जागी खुर्च्या लावल्या आणि केळ्यांच्या जागी माणसे बसवली!

पण हसण्यावारी नेण्यासारखे ते काम नाही. रोज पहाटे दोर, चाके, ब्रेक सगळे तपासून मगच पहिला माणूस बसतो. जिथे लोक चढतात तिथे एक जण सतत उभा असतो. लहान मूल आले की यंत्राचा वेग कमी करायचा, कुणी पडले की थांबवायचे. रात्री लोक झोपलेले असताना पट्ट्यांवर चालणारी मोठी यंत्रे उतारावरचा बर्फ सारखा करत फिरतात. बर्फ कमी पडला तर तो तयारही करावा लागतो. दाबाखालचे पाणी आणि हवा एकत्र फवारली की थंडीत त्या थेंबांचा बर्फ होतो. हवा कोरडी असेल तर पारा शून्याच्या जरासा वर असतानाही हे जमते. कोरड्या उन्हाळ्यात माठातले पाणी अधिक गार होते ना, तोच हा न्याय. अलीकडे हिवाळे बेभरवशाचे होत चालले आहेत, त्यामुळे हे काम वाढतच आहे. पण पाणी ओढ्यातून घ्यायचे, आणि ओढ्यावर खाली शेतकऱ्यांचा हक्क असतो. तेव्हा किती घ्यावे याचा कायदाही शिकावा लागतो. डोंगर बहुतेक सरकारी वनखात्याचा, तिथे परवान्यावर धंदा करायचा; मग झाडे कुठली तोडायची नाहीत, माती वाहून जाऊ नये म्हणून काय करायचे, तेही आलेच.

उतारांना तिथे खुणा असतात. हिरवे वर्तुळ म्हणजे सोपा, निळा चौकोन म्हणजे मध्यम आणि शंकरपाळ्याच्या आकाराची काळी खूण म्हणजे अवघड. वाचता न येणाऱ्यालाही कळावे अशी सोय. संध्याकाळी खुर्च्या बंद झाल्या की पहाऱ्यावरची माणसे वरून निघतात आणि प्रत्येक उतारावरून हाका मारत, बघत खाली येतात. कुणी मागे राहिले नाही ना, कुणी झाडीत पडून नाही ना, हे पाहिल्यावाचून दिवस संपत नाही. पुतणी हे सांगत होती तेव्हा माझ्या सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आपण रात्री निजण्याआधी कड्या, गॅस आणि मुलांची पांघरुणे बघतो तसंच की!" मला वाटते, यापेक्षा नेमके कुणी सांगू शकणार नाही.

दुसरा भाग लोकांना रानात नेण्याचा. पुतणी म्हणाली, "काकू, पुढारी पुढे चालतो असे नाही. सगळ्यांत हळू चालणाऱ्या माणसाच्या चालीने सगळ्यांना चालवतो तो पुढारी." निघताना काय शिजवायचे, किती पाणी, कोणाला दमा आहे, कोणाला साखरेचा आजार आहे, परत फिरण्याची वेळ कोणती, हे आधी ठरवायचे. ती वेळ झाली की शिखर हाताच्या अंतरावर असले तरी मागे फिरायचे. हे तोंडाने म्हणणे सोपे आहे. पैसे भरून आलेल्या दहा माणसांना तसे सांगणे अवघड आहे, आणि तेच तिथे पुन्हा पुन्हा शिकवतात.

डोंगर घाण करायचा नाही, हाही अभ्यासाचा विषय आहे. इथे सगळ्या बायकाच आहोत म्हणून मोकळेपणाने सांगते. शौचाला जायचे ते पाण्यापासून २०० फूट दूर, सहा ते आठ इंच खोल खड्डा करून, आणि तो नीट बुजवायचा. आपल्याकडे सहलीला गेल्यावर बायका दिवसदिवस पाणी पीत नाहीत, का ते आपल्याला ठाऊक आहे. तिथे ह्या गोष्टीचा लाजेने नव्हे, सोयीने विचार केला जातो.

शुश्रूषेचे शिक्षण सुमारे ८० तासांचे. दवाखाना काही तासांच्या अंतरावर आहे असे धरून शिकवतात. मोडलेले हाड काठीला आणि ओढणीला कसे बांधावे, थंडीने गारठलेल्याला कसे ऊब द्यावे, पाठीला मार लागलेल्याला कसे हलवू नये. त्यानंतर हिमप्रपाताचे शिक्षण. वरून बर्फाची कड सुटते आणि सगळा उतार खाली धावत येतो. हे बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होते. आणि ज्या अपघातांत माणसे दगावतात त्यांतल्या बहुतेकांत तो बर्फ त्या माणसांच्याच किंवा त्यांच्या सोबत्यांच्या भाराने सुटलेला असतो. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर वाचण्याची आशा चांगली, पुढे ती झपाट्याने कमी होते. म्हणजे मदत गावातून येऊन भागत नाही, सोबत्यांनीच काढावे लागते. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर संदेश देणारे व पकडणारे लहानसे यंत्र, पाठीवर बर्फात खुपसून बघायची लांब सळई आणि फावडे. ही तीन आयुधे नसतील तर जायचेच नाही. बर्फात यंत्रे पुरून ठेवतात आणि मुलांना घड्याळ लावून ती शोधायला लावतात. खेळायला कॉलेज कशाला, असे विचारणाऱ्या शेजारणीला मी एवढेच सांगितले.

मैत्रिणींनो, एकच बाजू सांगितली तर ते खरे होणार नाही. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते तिकडेही लागू आहे. काम हंगामी. हिवाळ्यात बर्फावर, उन्हाळ्यात नदीत नावा नेणे किंवा पायवाटा दुरुस्त करणे. श्रीमंत लोक डोंगरात बंगले घेतात, त्यामुळे घरभाडी फार. काम करणारी मुले एका खोलीत चौघे राहतात. गुडघे आणि पाठ लवकर कुरकुरू लागतात. युटा राज्यात पार्क सिटी म्हणून ठिकाण आहे. तिथल्या डोंगरपहाऱ्यावरच्या लोकांनी २०२४च्या डिसेंबरअखेर, ऐन नाताळच्या सुट्टीत, पगारासाठी संप केला. तासाला सुरुवातीचे २१ डॉलर मिळत ते २३ करावेत, ही मुख्य मागणी. जवळजवळ दोन आठवडे संप चालला. पहारा नसल्यामुळे पुष्कळसे उतार उघडताच आले नाहीत आणि हजारो रुपयांची नव्हे, हजारो डॉलरची सुट्टी घेऊन आलेले लोक खाली रांगेत उभे राहिले. शेवटी पगार वाढला. आपलेही असेच असते. बाई चार दिवस आजारी पडली म्हणजे घराला कळते की आजवर काम आपोआप होत नव्हते.

आता मी हे सगळे का सांगत बसले? कारण प्रश्न माझ्या घरी आला आहे. माझी धाकटी मुलगी ह्या वर्षी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. दर रविवारी पहाटे उठून ती मैत्रिणींबरोबर किल्ल्यांवर जाते. पुतणी आल्यापासून तिने धरले आहे की मलाही हेच शिकायचे. अमेरिकेचा खर्च आम्हाला झेपणारा नाही, ते तिलाही समजते. पण आपल्या देशातही ही विद्या आहे. दार्जिलिंगची गिर्यारोहण संस्था १९५४ साली निघाली, तेनसिंग तिथे शिकवीत. उत्तरकाशीला नेहरूंच्या नावाची संस्था १९६५ साली निघाली. स्की शिकायला काश्मीरात गुलमर्गला सरकारी संस्था आहे. उत्तरकाशीचा पहिला अभ्यासक्रम २८ दिवसांचा.

घरात दोन तट आहेत. सासूबाई, नवल वाटेल, मुलीच्या बाजूने. 'ह्यां'चे म्हणणे, पदवी होऊ दे, नोकरी लागू दे, मग हिंड. जाऊबाई म्हणतात, डोंगर हिंडणाऱ्या मुलीला स्थळ कोण सांगून येणार? मी सगळ्यांचे ऐकते. बचेंद्री पाल यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. २३ मे १९८४ रोजी एव्हरेस्टवर गेलेल्या पहिल्या भारतीय बाई. उत्तरकाशीकडच्या खेड्यातल्या. एम.ए., बी.एड. झालेल्या मुलीने मास्तरीण न होता डोंगर चढावा, हे त्यांच्याही घरी रुचले नव्हते. पुढे त्यांनी जमशेदपूरला जन्मभर हेच शिक्षण दिले, बायकांच्या तुकड्या एव्हरेस्टवर नेल्या, गंगेतून हरिद्वारपासून कलकत्त्यापर्यंत बायकांच्या नावा नेल्या. मास्तरीण त्या झाल्याच. फक्त वर्गाला भिंती नव्हत्या.

आणि दुसरीही गोष्ट मी विसरत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या ह्याच संस्थेची तुकडी द्रौपदी का डांडा नावाच्या शिखराच्या वाटेवर हिमप्रपातात सापडली. पंचवीसहून अधिक जीव गेले. शिकणारी मुले होती, शिकवणारेही होते. त्यांत सविता कंसवाल नावाची तरुण शिक्षिका होती. त्याच वर्षी मे महिन्यात ती एव्हरेस्टवर जाऊन आली होती. शिक्षणाने धोका जातो असे मी कुणाला सांगणार नाही. ज्या दिवशी हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही.

पण मग मी असा हिशेब केला. माझी मुलगी आजही दर रविवारी जातेच आहे. तिच्या पिशवीत चिवडा असतो, पाण्याची बाटली असते आणि मोबाइल असतो, ज्याला डोंगरात रेंज नसते. पाय मोडला तर काय करायचे हे त्या पाच जणींतल्या एकीलाही ठाऊक नाही. पावसाळ्यात कड्यावर माणसे अडकतात, तेव्हा गिर्यारोहण मंडळांचे तरुण आणि खालच्या गावचे लोक आपले काम टाकून त्यांना काढायला जातात. म्हणजे धोका घरात आलेलाच आहे, विद्या तेवढी यायची आहे. डोंगर बंद करणे माझ्या हातात नाही. शिकवून पाठवणे हातात आहे. शेवटी असे ठरले, की परीक्षा झाल्यावर २८ दिवस उत्तरकाशीला जायचे, शुश्रूषेचे शिक्षण घ्यायचे, आणि बी.कॉम. सोडायचे नाही. पुढचे पुढे पाहू. माझी भिशी पुढच्या महिन्यात लागते. त्या पैशातून स्वयंपाकघराचा ओटा बदलायचा होता. जुना ओटा अजून काही वर्षे सहज चालेल. 'हे' अजून पूर्ण राजी नाहीत, पण परवा बाजारातून येताना लोकरीचे मोजे घेऊन आले. त्यावरून मी काय ते समजले.

आता मंडळापाशी माझे मागणे आहे, आणि ते लहान आहे. नवरात्रात आपल्यातल्या पुष्कळ जणी कळसूबाईला जातात. तिथे कड्याला लोखंडी शिड्या आहेत, वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या बायका एकाच शिडीवर समोरासमोर येतात. शिडीपाशी कुणी उभे राहून 'आधी उतरणाऱ्या, मग चढणाऱ्या' एवढे सांगितले तरी किती बरे होईल! तेव्हा ह्या वर्षी मंडळाची तुकडी निघेल तेव्हा चार गोष्टी आधी ठरवाव्यात. परत फिरण्याची वेळ कोणती. कोणाला कोणता आजार आहे आणि गोळ्या कोणाजवळ आहेत. सगळ्यांत मागे कोण चालणार. आणि बायकांची सोय कुठे. आणि मुलीबाळी कुठल्याही कंपनीबरोबर डोंगरात चालल्या असतील, तर पैसे भरण्याआधी आईने विचारावे, की तुमच्या पुढाऱ्याने शिक्षण कुठे घेतले आणि सरकारकडे तुमची नोंद आहे का. २०२१ साली आपल्या राज्य सरकारने अशा सहली नेणाऱ्यांसाठी धोरण केले आहे. तेव्हा असे विचारण्यात संकोच वाटण्याचे काही कारण नाही. साडी घेताना आपण पदर उलगडून बघतो, मग पोर सोपवताना न विचारता कशी सोपवायची?

मंडळाच्या जुन्या सभासदांनी हे मंडळ चालवले तेही असेच. हळदीकुंकू संपल्यावर सतरंज्या मोजून ठेवणाऱ्या, दिवे मालवून कुलूप लावणाऱ्या आणि एकटी बाई असेल तर तिला दारापर्यंत पोहोचवणाऱ्या बायका इथे बसल्या आहेत. त्यांना कुणी प्रमाणपत्र दिले नाही. त्यांच्या नातींना ते मिळण्याची सोय झाली आहे, एवढाच काय तो फरक. तेव्हा तुमच्याकडे एखादी मुलगी असे वेगळे शिक्षण मागेल तेव्हा 'हे कसले शिक्षण' असे म्हणण्याआधी तिला खाली बसवून सगळे विचारा. किती दिवस, किती पैसे, कोण शिकवणार, काय धोका आणि पुढे पोट कसे भरणार. उत्तरे पटली नाहीत तर नाही म्हणा. पण विचारल्यावाचून नाही म्हणू नका.